धरलेली जागा

मी घर सोडलं ते बाबांच्याच बसने. बस एसटीची, पण स्टेअरिंगवर बाबा. त्या दिवशी चिखली–पुणे गाडीवर त्यांची ड्युटी आपोआप लागली होती की त्यांनी ती मागून घेतली होती, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. गाडी स्टँडवर लागायच्या आधीच त्यांनी आपल्या मागच्या पहिल्या सीटवर निळ्या चौकटीचा रुमाल टाकून ठेवला होता. दार उघडलं, गर्दी आत घुसली, आणि एका माणसाने तो रुमाल बाजूला करायला हात घातला. बाबा मागे न बघता म्हणाले, "तिथं माही पोरगी बसनार हाये." आई खाली खिडकीशी तिखट पुऱ्यांचा डबा घेऊन उभी होती. डबा देताना ती माझ्याकडे न बघता गाडीच्या चाकाकडे बघत होती.

माझ्या समोरच्या जाळीवर पाटी होती, चालकाशी बोलू नये. आम्ही दोघांनीही ती इमानेइतबारे पाळली. जालन्याला गाडी चहासाठी थांबली तेव्हा ते आत डोकावले आणि डबा तसाच बघून म्हणाले, "काऊन वं, काहीच खाऊन नाही राह्यली?" मी भूक नाही म्हणाले. मग तेही जेवले नाहीत. पुण्यात त्यांनी माझी बॅग उतरवून दिली, सीटवरचा रुमाल उचलून झटकला, खिशात घातला आणि गाडी लावायला निघून गेले.

आता मी जर्मनीत, श्टुटगार्टला असते. गावाच्या आठवणीने ज्यांचा गळा लगेच दाटून येतो अशा माणसांचा मला खरं तर वैताग येतो. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा पोहे खाऊन पळाले. तिथे सगळ्यांचं गाव एकसारखं असतं, तिथे विहीर असते, आंबा असतो. चिखलीजवळच्या आमच्या उंद्रीत घरासमोर डांबरी रस्ता होता आणि ट्रकचे हॉर्न होते. त्या हॉर्नशिवाय मला पुण्यात पहिले काही महिने झोप येत नव्हती. पुण्यात मी "मले" म्हटलं की हॉस्टेलच्या मुली हसायच्या, म्हणून मी "मला" शिकले. इथे दोन्ही ऐकायला कोणी नाही. रविवारी दुकानं बंद असतात, रस्त्यावर माणूस नसतो, आणि शनिवारी संध्याकाळी बेकरीवाल्या बाईशी बोललेल्या दोन वाक्यांनंतर माझा आवाज थेट सोमवारी निघतो.

काम मी गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं करते, सी प्लस प्लस या भाषेत. त्या भाषेबरोबर तयार हत्यारांचा एक मोठा संच मिळतो, त्याला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. त्यात माहिती भरून ठेवायचे कंटेनर असतात. माझा सगळा दिवस त्यांच्यातच जातो. बाबांना हे एकदा फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे डबे?" मी म्हटलं, हो, तसंच समजा. तेव्हापासून पारावर ते ऐटीत सांगतात की पोरगी जर्मनीत डब्यांचं काम करते. गावातल्या अर्ध्या लोकांची समजूत आहे की मी टिफिनच्या कारखान्यात आहे. मी ती कधी दुरुस्त केली नाही.

त्यातल्या एका कंटेनरला व्हेक्टर म्हणतात. त्यात वस्तू एकीला एक लागून बसतात, बसमधल्या सीटसारख्या. त्याचे दोन आकडे असतात. आत किती जण बसलेत हा एक, आणि जागा किती जणांची आहे हा दुसरा. पुढे बरेच जण येणार हे माहीत असेल तर आधीच जागा धरून ठेवता येते. पण धरलेली जागा रिकामीच असते. नवशिके लोक नेमके तिथे फसतात. जागा धरली म्हणजे तिथे कोणीतरी आहेच असं समजून ते तिथून वाचायला जातात. मीही नोकरीच्या पहिल्या वर्षी ते केलं होतं. गंमत म्हणजे मशीन बऱ्याचदा अडवत नाही. त्या रिकाम्या जागी आधीचं काहीतरी शिल्लक असतं, ते हाताला लागतं आणि वाटतं, सगळं ठीक आहे.

आई गेली त्यानंतरही बाबा सकाळी दोन कप चहा करायचे. मी व्हिडिओ कॉलवर ते बघायचे. दोन्ही कप तेच प्यायचे, दुसरा जरा थंड झाल्यावर.

पण मला सांगायचं आहे ते वरच्या खोलीबद्दल. लॉकडाऊनमध्ये गावातली शहरात गेलेली मुलं परत आली आणि गच्चीवर लॅपटॉप घेऊन बसायला लागली. ते बघून बाबांच्या डोक्यात पक्कं बसलं की आता माणसाला नोकरीसाठी कुठे जावंच लागत नाही. "घरूनच करतात म्हने आता. मंग तू आपल्या घरून कर," ते म्हणाले. तेव्हा ते रिटायर झालेले होते. त्यांनी गच्चीवर एक खोली बांधली. खिडकीशी टेबल केलं, चिखलीहून कमोड आणून बसवला, वायफाय घेतलं. आईने दारावर पडदा शिवला. मी त्या खोलीत एकदा राहिले, आई गेली तेव्हा. त्यानंतर तिथे रोज झाडू तेवढा लागत असे. वायफायचा पासवर्ड माझं नाव आहे, आणि ते वापरणारं घरात कोणी नव्हतं. बाबांच्या फोनला ते जोडायचं राहूनच गेलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात बाबांना जिन्यात भोवळ आली. शेजारच्यांना ते दुपारनंतर कळलं. मला दोन दिवसांनी, तेही कोणीतरी बोलता बोलता सांगितलं म्हणून. मी बाबांवर फोनवरच ओरडले. त्या रात्रीपासून मला एकच भीती होती की ते पुन्हा पडतील आणि घरात कोणी नसेल. इकडे या म्हटलं तर ते नुसतं "पाहू" म्हणत. मग कळलं की गावच्या शाळेत बदलून आलेल्या एक बाई खोली शोधत आहेत. एकट्याच, चाळिशीच्या. मी बाबांच्या मागेच लागले, वरची खोली त्यांना द्या, म्हणजे घरात माणूस तरी असेल.

"खोली तुही हाये," बाबा म्हणाले. "दुसऱ्याले काऊन देऊ मी?"

"मी कुठे येते बाबा राहायला?"

"रुमाल टाकेल जागा हाये ते. तिच्यावर दुसऱ्याले बसवत नसतात."

व्हेक्टरमधून वस्तू काढत गेलं तरी त्याची जागा आपोआप कमी होत नाही. सगळं काढून टाकलं तरी तो तेवढीच मोठी जागा अडवून बसतो. ती कमी कर, असं त्याला सांगण्याची सोय आहे. पण नियमात स्वच्छ लिहिलंय की ही फक्त विनंती आहे. मानायची की नाही, ते पलीकडच्याच्या मर्जीवर. मी नव्या मुलांना हे शिकवते तेव्हा सगळे हसतात, की अशी कसली सोय. मीही हसते. बाबांना दर रविवारी खोलीचं सांगत होते तेव्हा मला ते आठवायचं आणि बरं वाटायचं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी बाबांनी फोन धरला, नेहमीप्रमाणे कपाळ आणि पंखा तेवढा दिसत होता. ते म्हणाले, "खोली देली बाईले. तूच म्हनत होती." मग म्हणाले, "टेबल तिथंच ठेवलं म्या, तिले सांगून." मागे जिन्यावर कोणाच्या तरी चपला वाजल्या.

बरं झालं बाबा, असं मी म्हणाले. फोन ठेवला आणि ओक्साबोक्शी रडले. मला जे हवं होतं तेच झालं होतं. आता ते पडले तर हाक ऐकायला कोणी असणार होतं. पण त्या रिकाम्या खोलीच्या जिवावर मी इतकी वर्षं परक्या मुलखात काढली होती, हे मला ती भरल्यावर कळलं. बाबा ऐकणार नाहीत, या भरवशावरच मी विनंती करत होते.

या हिवाळ्यात मी गावी गेले. बाई चार दिवस खोली सोडायला तयार होत्या, मीच नको म्हटलं. खाली दिवाणवर झोपले. बाई माणूस म्हणून चांगल्या आहेत, याचंही मला थोडं वाईट वाटलं. संध्याकाळी त्या जिन्यातूनच ओरडून बाबांना विचारत, "गोळी घेतली का भाऊ?" आणि बाबा गोळी घेत. माझ्या टेबलावर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता. सकाळी बाबा अजूनही दोन कप चहा करतात, पण दुसरा कप आता वर जातो.

परत निघाले तेव्हा चिखली स्टँडवर पुण्याच्या गाडीला मरणाची गर्दी होती. ड्रायव्हर बाबांच्या ओळखीचा निघाला, केबिनमधून चढवतो म्हणाला. बाबांनी ऐकलं नाही. ते गर्दीतून खिडकीपर्यंत गेले, टाचा उंचावल्या आणि तोच निळा रुमाल आतल्या सीटवर बरोबर टाकला. धाप लागलेली, पण चेहरा खुशीत. मी आत जाऊन बसले. गाडी हलली, त्यांनी खालून हात केला, आणि रुमाल माझ्या मांडीवरच राहिला. मी हाक मारली असती तर ते धावत आले असते. मी हाक मारली नाही.

तुमच्यापैकी जे असे निघून आलेत, त्यांनी मला विचारू नये की घर म्हणजे आता काय. मला एवढंच सांगता येईल की माझ्या इथल्या घरात दोन खुर्च्या आहेत आणि दुसरीवर तो रुमाल आहे. बाबांना मी दर रविवारी या म्हणते, ते पाहू म्हणतात. जागा धरली म्हणजे माणूस आला असं होत नाही, हे मी पगार घेऊन शिकवते.

परवा ऑफिसातली एक मुलगी घरी आली. कित्येक महिन्यांनी माझ्या दारात कोणी आलं होतं. ती बोलत बोलत खुर्चीवरचा रुमाल उचलायला गेली, तर मी तिचा हात धरला आणि तिला पलंगावर बसवलं. ती गोंधळली. जागा धरलेली आहे, एवढंच मला तिला सांगायचं होतं. पण मी तिला सांगितलं की तिथे माझे बाबा बसलेत.