वाढत्या अंगाची कुंडी

शिंपीकाकांनी जन्मभर पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवले. गल्लीतली निम्मी पोरं बाह्या दुमडतच मोठी झाली. त्यामुळे लेकीनं सासरी जाताना सोपवलेल्या मनी ट्रीच्या रोपाची मुळं कुंडीच्या बुडातून डोकावू लागली आणि पानं पिवळी पडली, तेव्हा काका धावत जाऊन बादलीएवढी कुंडी घेऊन आले.

"अहो, झाड लावताय की पोहायला सोडताय?" काकू म्हणाल्या. "एवढ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतील. लेक आली की तिला काय वाळकी काठी दाखवणार?"

काका चरकले. गळ्यातली टेप काढून त्यांनी मुळांच्या गोळ्याचं, गिऱ्हाइकाच्या कंबरेचं घ्यावं तसं माप घेतलं आणि जेमतेम दोन बोटं सैल अशी कुंडी आणली. इतकं बेताचं त्यांनी कधी काही बेतलंच नव्हतं!

पुढच्या महिन्यात लेक आली, तर शेंड्याला कोवळी पालवी! काका उंबऱ्यातच ओरडले, "बघ, बघ! कसं अंगाबरोबर बसलंय!"

लेक हरखून पानं कुरवाळत म्हणाली, "बाबा, हात बसलाच आहे तर माझा शाळेचा झगाही मापात करून द्या. अजून ढगळ होतो!"