जित्या नवऱ्याचं काळं

नोयाल आमच्या शेजारची. बायका डोक्यावर घालतात त्या पांढऱ्या टोपीला तिच्यासारखी खळ आणि इस्त्री आमच्या ग्रुआ बेटावर कोणाला जमत नसे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा त्युदी ट्यूनाच्या मासेमारीला दूर समुद्रात होता, तेव्हा पोस्टकार्डं छापणारा एक फोटोवाला बेटावर आला. नोयालनं लग्नातला मखमली पोशाख चढवला. त्युदीला द्यायला एक फोटो मिळणार होता. तो काढून झाल्यावर फोटोवाला म्हणाला, "आता एक काळ्यात. तरुण चेहऱ्याला काळं खुलतं." नोयालनं सासूच्या पेटीतला विधवेचा काळा झगा आणला, अंगावर चढवला आणि ती समुद्राकडे बघत उभी राहिली.

पुढे धक्क्याजवळच्या दुकानात कार्ड लागलं. खाली छापलेलं, 'ग्रुआची विधवा'.

सासू जाकेतानं नवरा आणि थोरला मुलगा समुद्राला दिलेले. ती एवढंच म्हणाली, "माझा पोरगा अजून पाण्यावर आहे गं."

त्युदी धडधाकट परतला. आम्हाला वाटलं, सुटली बिचारी. पण नव्या हंगामाला माणसं घेताना गलबताच्या तांडेलानं त्युदीला वगळलं. जाकेता मला घेऊन त्याच्या दारात गेली.

"जोब, लहानपणी तुझं नाक पुसलंय मी. पोराला घे."

"काकी, माझं काही नाही. पण खलाशी म्हणतात, बायकोनं ज्याचं सुतक धरलं त्याच्यासोबत एका गलबतात नको."

"सुतक कसलं? फोटोला उभी होती ती."

"समुद्राला फोटो कळत नाही, काकी."

दुसऱ्या तांडेलांचंही तेच. मग त्युदी मासे डबाबंद करायच्या कारखान्यात लागला, बायकांच्या घोळक्यात. "काय गं त्युदी, टोपी घरी विसरलीस?" त्या चिडवायच्या. तो तिथं हसायचा आणि घरी गप्प बसायचा. नोयालशी भांडलासुद्धा नाही. तेच तिला जास्त लागायचं.

गलबतं निघाली त्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. नोयाल टोपी घालून निघाली.

"नको जाऊस," जाकेता म्हणाली. "बोलतील."

"नाही गेले तरी बोलतीलच, आई."

धक्क्यावर ती एकटीच मागे उभी होती. मी तिच्याजवळ गेले. माझ्याकडे न बघता ती हळूच म्हणाली, "लांब उभ्या राहा, ताई. तुमचा माणूस गलबतावर आहे."