पुसलेल्या फरशीचा अहवाल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि ऑफिसात तर शक्यच नव्हतं. तुम्हाला सांगतेय, तेही चिडूनच. कुणावर चिडलेय, ते कळेलच.

माझं काम सांगायला सोपं, करायला वैतागवाणं. फरशीवरची, खिडकीच्या कट्ट्यावरची धूळ ओल्या कागदी रुमालाने टिपायची, डबीत बंद करायची आणि अंबडला आमच्या प्रयोगशाळेत द्यायची. त्यात शिसं किती, ते मशीन सांगतं. अट एकच — आदल्या दिवसापासून तिथे झाडू-फडकं फिरलेलं नको. धूळच नसेल तर तपासायचं काय, माझं कपाळ?

एवढी साधी गोष्ट, पण पटेल तर शपथ! फोन करून बजावा, हात जोडा — दारात पाऊल टाकावं तर फिनेलचा वास.

रंजनाताई त्यातल्याच. मूळच्या देवळ्याकडच्या. नवरा जुन्या बॅटऱ्यांमधून शिसं काढणाऱ्या कारखान्यात. कामगारांच्या कपड्यांवरून ते शिसं घरी जातं का, हे बघायला मला पाठवलं होतं. ताई नवऱ्याचा युनिफॉर्म खोलीतच झटकायच्या आणि तिथेच त्यांची दहा महिन्यांची परी रांगायची. हात फरशीवर, तोच हात तोंडात.

पहिल्यांदा गेले, फरशी पुसलेली. दुसऱ्यांदा — पुसलेली. "पाव्हणं येणार म्हणल्यावर घर घाण ठिवायचं का मॅडम? बरं दिसतं का ते?" वर चहाचा आग्रह. तिसऱ्यांदा न सांगता गेले, मे महिन्याच्या भर उन्हात. तर माझी स्कूटर खिडकीतून दिसली आणि बाईंनी बादली उचललीच! मी आत जाईपर्यंत खोलीभर ओलं फडकं फिरलेलं. आता काय डोकं आपटून घ्यायचं होतं?

नाही. परत जायचं होतं आणि चौथ्यांदा यायचं होतं. इतकंच.

मी त्याच ओल्या फरशीवर टिपायची जागा आखणारी मापाची चौकट ठेवली, रुमाल फिरवला, डबी बंद केली. फॉर्मवर प्रश्न होता — गेल्या चोवीस तासांत सफाई झाली आहे का? मी लिहिलं, 'नाही'. खाली सही केली. वैताग आला होता म्हणून, असं म्हणू का? नकोच. मला चौथी खेप टाळायची होती. अहवाल अर्थातच चांगला आला.

पावसाळा सरता सरता सिडकोतल्या भाजीबाजारात ताई भेटल्या. परी कडेवर, अगदी मलूल. खाईना, सारखी किरकिरायची. बापाचं काम ऐकून डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्यात शिसं निघालं. घरातून येत असेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

"म्या त्यांना रिपोर्टच दाखवला. म्हणलं, घर चांगलं हाय, मॅडमनी सोता तपासलंय."

म्हणून शोध दुसरीकडे वळला. ताईंनी परीचं काजळ बंद केलं, रंगीत खेळणी फेकली, हळदसुद्धा बदलली. युनिफॉर्म मात्र रोजच्यासारखा घरातच झटकत होत्या. का थांबतील? माझ्या सहीचा कागद होता ना त्यांच्याकडे.

"बरं केलं ना मॅडम?" त्यांनी विचारलं.

एका वाक्याचं काम होतं — ताई, तो रिपोर्ट खोटा आहे. काय जड होतं त्यात? पण माझ्या डोक्यात काय, तर माझी नोकरी. अशा वेळीसुद्धा! मला अजून माझी चीड येते, किळस येते. मी परीच्या गालाला हात लावला आणि म्हणाले, "बरं केलंत."

दिवाळीनंतर ते घर सोडून देवळ्याला परत गेले, असं कळलं. तोवर रोज संध्याकाळी त्या खोलीत युनिफॉर्म झटकला गेला असणार, आणि परी तिथेच खेळली असणार. त्यांचं घर माझ्या ऑफिसच्या वाटेवर होतं. मी एकदाही थांबले नाही.