नुकसानीचा रकाना

माझे सासरे रंगराव घाडगे चौतीस वर्षं पिंपरीतल्या एका कंपनीत मेंटेनन्स फिटर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण कंपनी काही त्यांच्या अंगातून गेलेली नाही. घरातला मिक्सर बंद पडला की ते म्हणतात, ‘ब्रेकडाउन आलाय’, आणि पान्याला हात लावायच्या आधी कपाटातून एक जाड रजिस्टर काढतात. त्यात रकाने आखलेले असतात. तारीख, बंद झाल्याची वेळ, चालू झाल्याची वेळ, कारण, नुकसान आणि शेवटी दोन सह्या, एक फिटरची आणि एक मशीन चालवणाऱ्याची. मिक्सरच्या ओळीत सासूबाईंची सही असते. त्या ती तोंड वाकडं करून करतात, पण करतात.

या रजिस्टरची मी पुष्कळ टिंगल केली आहे. मी हिंजवडीतल्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, त्यामुळे यंत्रांतलं आपल्याला घरात सगळ्यांपेक्षा जास्त कळतं, असा माझा समज होता. तो कसा खोटा ठरला ते सांगते.

मला तेव्हा सातवा महिना होता. गर्भाशयात वार खाली असल्यामुळे डॉक्टरांनी गाडीत बसायलाच बंदी घातली होती. नवरा, प्रज्वल, कंपनीच्या कामाला तीन महिन्यांसाठी चेन्नईला. ऑफिसने मला घरून काम करायची सवलत दिली आणि दुसऱ्याच आठवड्यात रावेतच्या आमच्या फ्लॅटमधलं नेट रुसलं. मीटिंगमध्ये बोलता बोलता मी गोठून जायची, आणि पलीकडच्यांना माझं उघडं तोंड तेवढं दिसत राहायचं. सोसायटीत वायर एकाच केबलवाल्याची. मोबाइलवर फोन लागायचे, पण त्याचं नेट गॅलरीच्या एका कोपऱ्यात, तेही उभं राहिलं तरच, आणि मला उभं राहायला मनाई.

केबलवाल्याला फोन केला की एकच उत्तर यायचं, ‘राउटर बंद करून चालू करा.’ मी दिवसातून दहादा तेच करत होते. त्यांचा माणूस दोनदा आला, आणि दोन्ही वेळा नेट शहाण्यासारखं चालू होतं. मग आपल्या लॅपटॉपमध्येच काहीतरी असणार म्हणून मी त्याच्या सेटिंगा उलट्यासुलट्या केल्या. काही फरक पडला नाही.

“मी बघू का, दिव्या?” बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, विचारलं.

“बाबा, हा मिक्सर नाहीये,” मी म्हणाले. मला तेव्हा सगळ्यांचाच राग येत होता.

तरी त्यांनी बघितलंच. आधी वायरीची सगळी टोकं पक्कडीने अशी आवळली की एक तुटलं, आणि ते बदलायला केबलवाल्याला तिसऱ्यांदा बोलवावं लागलं. मग संशय पाण्याच्या पंपावर गेला. पंप सुरू झाला की नेट जातं असं ठरवून त्यांनी सोसायटीच्या चेअरमनशी तासभर वाद घातला आणि हरून घरी आले. त्यानंतर मात्र त्यांनी पक्कड ठेवून दिली. रजिस्टर घेऊन राउटरसमोर खुर्ची टाकली, डोळ्यांवर चष्मा, हातात पेन. राउटरवरचा हिरवा दिवा लाल झाला की घड्याळ बघायचं आणि लिहायचं. सासूबाई म्हणाल्या, ‘एवढं लक्ष माझ्या बाळंतपणात दिलं असतं तर बरं झालं असतं.’

असे दोन आठवडे गेले. तिसऱ्या आठवड्यात कहर झाला, नेट कामाच्या वेळेत दिवसच्या दिवस येईना. शनिवारी मॅनेजरचा फोन आला. आवाज गोड, पण मुद्दा सरळ होता. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारपर्यंत नेट ठीक झालं नाही तर ऑफिसला यायचं, नाहीतर माझ्या जागी दुसरं माणूस. चार वर्षं मी तो प्रोजेक्ट सांभाळला होता. बाळंतपणाची रजा संपवून परत जायचं तर त्याच खुर्चीवर, हे मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. मी फोन ठेवला आणि बाहेर येऊन सांगितलं की सर्दी झाल्यासारखं वाटतंय, जरा पडते.

मंगळवारी सकाळी बाबा माझ्या खोलीत आले आणि रजिस्टर पलंगावर पसरलं.

“हे बघ पोरी. पहिला आठवडा. रोज संध्याकाळी साडेचारला बंद. दुसरा आठवडा. सकाळभर बंद, सव्वादोनला चालू. आता हा तिसरा. सकाळी साडेआठला बंद, रात्री दहाला चालू. आणि दोन्ही गुरुवार दिवसभर बंद.”

“मग?”

“गुरुवारी आपल्याकडं सुट्टी कुणाला असती?”

“कंपन्यांना,” मी म्हणाले. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांना गुरुवारीच सुट्टी असते, हे इथलं शाळकरी पोरसुद्धा सांगेल.

“नेट बिघडलेलं न्हाई. ते शिफ्टवर चाललंय. फर्स्ट, सेकंड, थर्ड. कुणीतरी शिफ्टवाला घरी आला की आपलं जातंय, कामावर गेला की येतंय. मी खाली सोसायटीच्या गेटवर चाललो. थर्डची बस सव्वाआठला येती.”

मला त्यांना थांबवावंसं वाटलं. लोक काय म्हणतील, असंही वाटलं. पण ते तेवढ्यात चप्पल घालून गेलेसुद्धा.

पुढचं त्यांनी नंतर सांगितलं. बसमधून तिघं उतरले. बाबांनी तिघांनाही थांबवून एकच प्रश्न विचारला, “भाऊ, घरातनं निघताना मेन स्विच बंद करता का?” दोघं हसून पुढे गेले. तिसरा नवनाथ नावाचा, बीडकडचा, मागच्या इमारतीत एकटा भाड्याने राहणारा. तो म्हणाला, “करतो की काका. निघताना बंद, आल्यावर चालू. गावाकडची सवय हाय. पन तुमाला काय करायचंय?”

“तुमचं नेट चालतंय का?”

“कुठलं चालतंय. महिना झाला, आईशी दोन मिनिटं धड बोलनं होईना. आवाज येतो तर तोंड दिसंना.”

साडेआठला माझा फोन वाजला. बाबा नवनाथच्या घरून बोलत होते. “आता मेन चालू केलाय. काय झालं?” दिवा लाल. “आता बंद केला.” दोन मिनिटांत हिरवा. असं त्यांनी तीनदा करायला लावलं. फॉल्ट तीनदा पकडल्याशिवाय फिटरने तोंड उघडायचं नाही, हा त्यांच्या कंपनीतला नियम. रात्रपाळी करून आलेला तो बिचारा माणूस झोप सोडून मेन वरखाली करत बसला होता.

एवढं झाल्यावर माझ्याही डोक्यात उजेड पडला. मी आमच्या राउटरमधला पत्ता वाचला. नेटच्या जाळ्यात प्रत्येक घराला आकड्यांचा एक पत्ता असतो आणि तो केबलवाला देतो. मग नवनाथला त्याच्या फोनवर त्याच्या राउटरचा पत्ता काढून वाचायला लावला. सगळे आकडे तेच निघाले. तीन आठवडे मी लॅपटॉप खरवडत बसले होते, आणि हा एक आकडा बघायचं मला सुचलं नव्हतं.

“म्हंजे हजेरीच्या एकाच टोकन नंबरवर दोन कामगार,” बाबा म्हणाले. “टाइम ऑफिस येडं होणारच की.”

या वेळी केबलवाल्याशी बाबाच बोलले, रजिस्टर समोर धरून, तारीख आणि वेळेसकट. माणूस दुपारीच आला. महिन्यापूर्वी त्यांनी नवी पेटी बसवली होती, तेव्हा सगळ्यांचे पत्ते हाताने भरताना एक ओळ दोनदा उतरली होती. दुरुस्तीला चार मिनिटं लागली. ठरलेल्या सोमवारी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकदाही गोठले नाही, आणि मॅनेजरने विषय पुन्हा काढला नाही.

त्या संध्याकाळी बाबा रजिस्टर आणि पेन घेऊन आले. “सही कर. मशीन ताब्यात मिळालं म्हणून.”

मी पहिल्यांदाच ते पान नीट वाचलं. नुकसानीच्या रकान्यात किती मिनिटं गेली ते असेल, असं मला वाटलं होतं. तिथे त्यांच्या ठाशीव अक्षरात लिहिलं होतं, ‘दिव्या अर्ध्या ताटावरून उठली.’ त्याखाली, ‘दिव्या दुपारी झोपली नाही.’ दुसऱ्या गुरुवारी, ‘दिव्या माझ्यावर ओरडली. तिची चूक नाही.’ आणि शनिवारच्या ओळीत, ‘दिव्या दार लावून रडली. अंदाजे वीस मिनिटे.’

मी उशीत तोंड घालून रडले होते.

“बाबा, तुम्हाला ऐकू आलं होतं?”

“चौतीस वर्षं बंद दारामागच्या मशीनचा आवाज ऐकलाय, पोरी,” ते म्हणाले आणि पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. “कर सही.”

मी सही केली. शेजारी त्यांनी फिटरची सही केली आणि रजिस्टर मिटलं.