आबांची शांत झोप

मंडळी, उद्या जळगावला झोपेच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जायचंय. घोरणं हा काय आजार आहे? पण बायकोने नंबर लावलाच.

सकाळी दवाखान्यातून फोन आला, घरात आधी कोणी घोरायचं का, झोपेत मध्येच श्वास थांबायचा का ते विचारून या. माझे वडील, आबा, झोपेतच गेले. भाग्यवान मरण, असं सगळे आजही म्हणतात. म्हणून एरंडोलच्या आत्याला फोन लावला, स्पीकरवर.

आत्या हसली. "आबा बी आसाच घोरेत. मधमाच एकदम बंद पडेत. आम्ही म्हनूत, आता शांत झोप लागनी."

बायकोचा चेहरा उतरला. "तुम्हीही मध्येच शांत होता," ती म्हणाली. "तेव्हाच मला झोप लागते."

तुमच्याकडे कुणी असं 'भाग्यवान' गेलंय का? ते घोरायचे का, विचारून बघा.

मला अजून आजची रात्र काढायची आहे.