काकूंची साइडकार

पुरानी बस्तीत आमच्या गल्लीच्या टोकाला एक काका राहत. शहराबाहेर उरला या कारखान्यांच्या भागात ते टर्नर होते. त्यांच्याकडे इंग्लंडमध्ये बनलेली एक जुनी मोटारसायकल होती आणि तिला डाव्या अंगाला साइडकार. मोटारसायकल कुठल्याशा लिलावातली, साइडकार मात्र त्यांनी स्वतः घडवलेली. काकूंचा उजवा पाय लहानपणच्या आजारापासून गुडघ्यात वाकत नाही. मागच्या सीटवर त्यांना बसता येईना, म्हणून काकांनी पत्रा वाकवून त्या पायाच्या मापाची साइडकार केली. दार अगदी खाली, पुढचं नाक हातभर लांब. त्या नाकाला गल्ली हसायची. दोघं मात्र तिच्यातून बाजारात जात, देवळात जात, काकूंच्या बहिणीकडे अभनपूरला जात.

काका गेल्यावर काकूंनी गाडी मला दिली. मी बँकेत नोकरी करतो, पण जुन्या गाड्यांचा माझा नाद सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. घ्यायला दुसरेही तयार होते. "तू सांभाळशीन म्हणून तुले देऊन राहिले," त्या म्हणाल्या. मग चावी माझ्या हातात देत, "एक डाव मले अभनपूरले नेजो."

मी हव म्हणालो. तेव्हा खरंच न्यायचं होतं.

पहिले काही महिने नुसती मजा होती. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या; मी रोज चुकायचो आणि चौकात हसं करून घ्यायचो. रविवारी सकाळी आम्हा नादिष्टांची टोळी तलावाच्या काठी जमते. एकाकडे लांब थोबाडाची तीनचाकी आहे, एकाकडे जुनी पाववाल्याची गाडी, तिच्यात तो आता चहा करून पाजतो. तिथे सगळे माझ्या इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, गाडी फर्स्टक्लास आहे, तो डबा काढ. मलाही ते पटायला लागलं. साइडकारमुळे गाडी वळणावर झुकत नाही, ती ओढून वळवावी लागते.

एका रविवारी मी बोल्ट सोडले. पुढे दोन महिने हँडल खाली घेतलं, एकट्याची सीट बसवली, टाकी घासून आरशासारखी केली. फोटो टाकल्यावर ग्रुपवर दिवसभर वाहवा. साइडकार अंगणात पडून होती. बायकोला स्कूटर ठेवायला जागा हवी होती. कबाडी आला तेव्हा मी ती देऊन टाकली. काकूंना विचारावं, हे मनात आलंच नाही असं मी बराच काळ स्वतःला सांगत होतो. आलं होतं. विचारलं तर नाही म्हणतील, हेही आलं होतं.

महिन्याभराने काकूंचा फोन आला. बहिणीची तब्येत बरी नव्हती. येत्या रविवारी जमेल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, साइडकार रंगाला दिली आहे.

त्याच संध्याकाळी कबाड्याकडे गेलो. त्याला लांब नाकाचा डबा आठवत होता. माल केव्हाच उरल्याला, भट्टीकडे गेला होता. तरी दुसऱ्या दिवशी मी उरल्याला गेलो. धुळीत, ट्रकांच्या मधून, भंगाराच्या दोन ढिगांभोवती फिरलो. तिथल्या मुकादमाने सांगितलं की महिन्यामागचा माल वितळून गेला. मग पंधरा दिवस मी काकूंच्या दारावरून जायचं टाळलं, देवळाच्या मागून वळसा घेऊन घरी यायचो.

पुन्हा फोन आला. कोणता रंग देऊन राहिला, एवढंच त्यांना विचारायचं होतं. येऊनच सांगतो म्हणून मी फोन ठेवला. तसाच उठून त्यांच्याकडे गेलो. त्या मेथी निवडत बसल्या होत्या.

"काकू, रंगाचं खोटं सांगितलं. मी साइडकार कबाड्याले देऊन टाकली."

त्यांचा हात थांबला नाही. "काहून?"

"गाडी वळणावर झुकत नव्हती."

तोंडातून निघाल्यावर मला ते कारण किती लहान वाटलं.

"मले सांगितलं असतं तं मीच ठेवून घेतली असती," त्या म्हणाल्या. "अंगणात जागा होती."

मी दुसरी बनवून देतो म्हणालो. त्या नको म्हणाल्या नाहीत. खुर्चीवर बसून पाय लांब केला आणि मला टेपने माप घेऊ दिलं. तीन महिने मी सुट्टीचा प्रत्येक दिवस वेल्डिंगवाल्याच्या शेडमध्ये काढला. मग एका सकाळी आम्ही अभनपूरला निघालो. वाटेत मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्या ठीक आहे म्हणाल्या. बहिणीच्या दारात मात्र त्यांना उतरवायला दोघं लागले. दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून बराच वेळ बसल्या. मी बाहेर चहा पीत राहिलो.

निघायच्या वेळी काकूंनी मला बाजूला बोलावलं. "तू जाय. मले भाचा कारनं सोडून देते. बेस बनवली तू, पण पाय दुखते त्याच्यात."

माप बरोबर होतं, मी तीनदा तपासलं होतं. जुन्या साइडकारमध्ये काकांनी त्या पायाखाली आधाराला काय केलं होतं ते मी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

रिकामी साइडकार घेऊन मी परत आलो. बहीण नंतर बरी झाली. काकू आता भाच्याच्या कारनेच जातात, आणि मी भेटलो की पूर्वीसारखंच बोलतात, मेथीचे पराठे खाऊ घालतात. मलाच तिथे फार वेळ बसवत नाही.