चुकलेल्या उत्तरासाठी एक वाक्य

सेमी इंग्रजी शाळांतल्या गणित शिक्षकांसाठी मी वर्गात बोलायची इंग्रजी वाक्यं तयार करते. दहिवडीच्या प्रशिक्षणात म्हसवडकडचे एक गुरुजी भेटले. नाव विचारायचं राहूनच गेलं. प्रत्येक वाक्य ते आधी ओठांतल्या ओठांत म्हणत, मग मोठ्यानं.

जेवणाच्या सुट्टीत जवळ येऊन म्हणाले, "मॅडम, पोरगं चुकलं तर काय म्हणायचं, ते यात न्हाई. मराठीत मी 'असू दे रं, परत बघू' म्हणतो. इंग्रजीत नुसतं 'राँग' तोंडात येतं. पोरं आता उत्तरंच देईनात."

आम्ही मिळून वाक्य बसवलं, 'नेव्हर माइंड, लेट्स ट्राय अगेन.' त्यांनी म्हणून पाहिलं, पण आवाज हुकूम सोडल्यासारखा येई. मग त्यांचा हात आपोआप पुढं झाला, समोर नसलेल्या पोराच्या पाठीवर ठेवल्यासारखा, आणि वाक्य मऊ झालं.